२०१९ ला कुठं होती?

कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की प्रश्न तीन. डिझेल का पेट्रोल? किती पळालीय? आणि तिसरा, जो पुण्यात माझ्या ऑफिसातल्या कोणाला सुचणार नाही... "२०१९ ला कुठं होती?" हल्ली त्याला शेपूटही जोडलंय. "आणि एकवीसला?"

बाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पावसाळ्यात हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ च्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला. आणि शहरात कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग, असं करत पाणी पार्किंगमधल्या गाड्यांपर्यंत पोचलं.

आता त्या गाड्यांचं काय होतं? विम्याचा साधारण हिशेब असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. आणि लिलावात घेणारा ती काही दिवाणखान्यात शोभेला ठेवायला घेत नाही! ती धुतली जाते, वाळवली जाते, शॅम्पू होतो, सुगंधी बाटली लटकते, आणि "घरगुती वापर, सिंगल हँड" म्हणून परत बाजारात येते.

आमच्या घरी हा विषय निघाला आईच्या गुडघ्यांवरून. जुन्या हॅचबॅकमध्ये खाली बसायचं आणि उठताना दाराला धरून "अगं आई गं" करायचं, हे रोजचं झालं होतं. कॉम्पॅक्ट एसयूव्हीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, आपण नुसतं सरकायचं. बाकी डोंगर-दऱ्या तुडवायच्या जाहिराती सोडा हो, निम्मा महाराष्ट्र या गाड्या आईबाबांच्या गुडघ्यांसाठी घेतो असं माझं ठाम मत आहे.

तसा हा प्रकार आपल्याकडे वाढला तो करामुळे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनांच्या गाड्यांवरची एक्साइज कमी झाली, मग कंपन्यांनी एसयूव्हीलाही त्याच मापात बसवलं. २०१३ ला इकोस्पोर्ट, २०१६ ला व्हिटारा ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन. नवीच घ्यावी का, हाही विचार केला. सप्टेंबर २०२५ पासून बाराशे सीसीच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. पण बाबा रिटायर्ड, गाडी पळणार महिन्याला दोनतीनशे किलोमीटर. जोतिबा, फार तर राधानगरीला मामाकडे. त्यासाठी दहा लाख घालायला ते तयार नव्हते आणि माझे घेईनात. असो.

मग दिवाळीनंतर चार शनिवार-रविवार मी पुण्याहून येत होतो आणि आम्ही तिघं हिंडत होतो. मी, बाबा आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे बाबांच्या स्कूटरपासूनचे. या गावात इंजिनाचं ओतकाम घराघरांत माहीत. शिरोलीच्या फौंड्र्यांमध्ये देशभरातल्या गाड्यांचे भाग ओतले जातात, त्यामुळे इथला मिस्त्री गाडीकडे पेशंट म्हणून नाही, पाव्हणा म्हणून बघतो. बॉनेट उघडायच्या आधी ते मागच्या सीटवर जाऊन बसायचे आणि सीटबेल्ट ओढायचे. पार शेवटपर्यंत.

"बेल्ट कुणी धुवत न्हाई," ते म्हणाले. "सगळी गाडी धुत्यात, पण गुंडाळलेला बेल्ट तसाच ऱ्हातोय."

खरंच, दुसऱ्याच गाडीत बेल्टच्या शेवटच्या हातभर भागावर तांबूस मातीची सरळ रेघ निघाली. विकणारा अजून "पाणी बघितलं नाही ओ हिनं" म्हणत होता. मिस्त्रींनी बेल्ट सोडला, तो खर्रकन आत गेला, आणि आम्ही चहा न घेता निघालो. त्यानंतर स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फेस, हेडलाइटच्या आतली वाफ, हे सगळं मीही बघायला शिकलो.

पण खरा पेच पडला तो नागाळा पार्कात.

मालक बँकेतून रिटायर झालेले, बाबांच्याच वयाचे. २०१९ ची पेट्रोल, आरशासारखी ठेवलेली. आम्ही काही विचारायच्या आधीच त्यांनी फाईल पुढे ठेवली. "आधी सांगतो. एकवीसला पार्किंगमध्ये होती. सीटपर्यंत पाणी होतं. सुरू केली नाही, टो करून नेली." सगळी बिलं, विम्याची कागदं, फोटोसुद्धा. पाण्यातली गाडी स्टार्ट न करणं हे फार महत्त्वाचं असतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेवढं भान या माणसाला होतं. किंमत बाजारापेक्षा दीड लाखाने कमी.

बाबा तिथंच विरघळले. खाली आल्यावर म्हणाले, "इतका सरळ माणूस. याची नाही घ्यायची तर कुणाची घ्यायची?"

मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, मानसाबद्दल वादच न्हाई. इंजन पण चांगलंय. पण एअरबॅगचा डबा कुठं असतोय म्हाईत हाय का? मधी, गिअरच्या खाली, जमिनीला."

एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत तिथंच असतं, म्हणजे सगळ्यात आधी बुडणाऱ्या जागी. बिलात ते बदलल्याची नोंद नव्हती. डॅशबोर्डवरचा दिवा बरोबर लागत होता, बरोबर विझत होता. पण वायरिंगच्या जोडात आतून हिरवा गंज धरला असेल तर तो कधी बोलेल सांगता येत नाही. आमच्या धंद्यात असला बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही, तो प्रॉडक्शनमध्येच उगवतो. आणि एअरबॅगचं प्रॉडक्शन म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पुढच्या सीटवर आई बसणार होती. मी नको म्हटलं. बाबांनी त्या काकांना फोन केला, पण कारण सांगताना अडखळले.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, २००१ चं नोबेल मिळालं त्यात त्याचा मोठा वाटा. तिकडे खराब गाडीला लेमन म्हणतात. (आपण लिंबू बंपरला बांधतो, ते वेगळं!) त्याचं म्हणणं, विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही वाईटाचाच भाव देतो, आणि चांगले लोक बाजार सोडून जातात. नागाळा पार्कातला प्रकार मात्र त्या निबंधात बसत नाही. इथे तर विकणाऱ्याने सगळं सांगितलं होतं, आणि म्हणूनच गाडी पडून राहिली. त्या मातीच्या रेघेवाल्याची मात्र पुढच्याच आठवड्यात गेली.

आम्ही घेतली ती कळंब्याच्या एका शिक्षकांची, २०१८ ची डिझेल ब्रेझा. सव्वासहा लाख. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे झकास होतं. २०१९ ला नोकरी सोलापूरला, सर्व्हिस बुकात ऑगस्टचा तिथलाच शिक्का. इकडे पूर, तिकडे त्या वर्षी जनावरांच्या चारा छावण्या! आणि एकवीसच्या जुलैत गाडी पुण्याला मुलाकडे. हे नुसतं तोंडी नाही, फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवलं. किणी, तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर अशा ओळीने जातानाच्या नोंदी, आणि उलट्या क्रमाने थेट ऑगस्टमधल्या. लॉग वाचून इतका आनंद मला ऑफिसात कधी झाला नव्हता.

कागदपत्रांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५. सह्या करून तारीख कोरी ठेवायची पद्धत आहे, तिच्या नादी लागू नका, विकणाऱ्याने तर नाहीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, गाडीबरोबर येत नाही. बेळगावची स्वस्त गाडी दिसली तर तिकडची एनओसी आणि इकडचा टॅक्स धरून मग स्वस्त म्हणा.

आई खूष आहे. बाबा अजून महिन्यातून एकदा नागाळा पार्कात जाऊन येतात, आता दोस्ती झालीय. परवा विचारलं तर म्हणाले, गाडी तशीच आहे, काकांनी आणखी तीस हजार कमी केलेत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा ती फाईलच दाखवतात.