दान की घर? परदेशी नागरिकत्वाचा हिशेब

आपली मुले आखाती देशांत जाऊ लागली, त्याला आता बरीच वर्षे झाली. सुरुवातीला वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून गेली. पुढची काही शिकून इंजिनिअर झाली, कोणी भागीदारीत धंदा थाटला. चार पैसे जमले की ते कुठे गुंतवावेत हे सांगणारेही दारात येतात. पूर्वी ते प्लॉटचा नकाशा घेऊन येत, आता दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊन येतात.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा दुबईत एअर कंडिशनर दुरुस्तीच्या धंद्यात भागीदार आहे. बायको आणि दोन मुले तिथेच असतात. सुटीत आला तेव्हा एजंटाची रंगीत पुस्तिका माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, तुम्ही बी.कॉम. आहात. दान देऊ की घर घेऊ, तेवढे सांगा." बचत होती, पण वीस-पंचवीस लाख कमी पडत होते. त्यासाठी आईची अंबरनाथची खोली विकायचे त्याच्या मनात होते. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

देश होता ग्रेनाडा. वेस्ट इंडिजमधले, जायफळासाठी प्रसिद्ध असलेले छोटे राष्ट्र. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची पद्धत त्या भागात सेंट किट्स आणि नेव्हिसने १९८४ साली सुरू केली, डॉमिनिकाने १९९३ साली. ग्रेनाडात चौघांच्या कुटुंबाला दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे सरकारच्या निधीला २,३५,००० डॉलर द्यायचे. ते परत मिळत नाहीत. दुसरी वाट म्हणजे सरकारमान्य प्रकल्पात किमान २,७०,००० डॉलरचा हिस्सा घ्यायचा आणि वर सरकारला ५०,००० डॉलर भरायचे. तो हिस्सा ५ वर्षे सांभाळावा लागतो. तपासणीची आणि वकिलाची फी दोन्हीकडे वेगळी. डॉलरचे ८५ रुपये धरले तरी दान दोन कोटींच्या घरात जाते आणि घर पावणेतीन कोटींच्या.

एजंट म्हणत होता, "दान म्हणजे पैसे गेले. घर म्हणजे पैसे राहिले." ऐकायला गोड वाटते. आता हिशेब पाहा. घराच्या वाटेने सुरुवातीलाच ८५,००० डॉलर जास्त जातात. तेच पैसे ६ टक्के व्याजाने ठेवले तर ५ वर्षांत सुमारे १,१४,००० होतात. म्हणजे घेतलेला हिस्सा पाच वर्षांनी निदान १,१४,००० डॉलरला विकला गेला, तरच घराची वाट दानाच्या बरोबरीला येते. त्याहून जास्त आले तर फायदा, कमी आले तर तोटा. कागदावर हे अवघड दिसत नाही, कारण मूळ किमतीच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी आहे.

पण विकत घेणार कोण? बहुतेक वेळा हे राहायचे घर नसतेच, हॉटेलातला हिस्सा असतो. तिथे आपण चूल मांडू शकत नाही. २,७०,००० ही किंमत बाजाराने ठरवलेली नाही, कायद्याने ठरवलेली किमान रक्कम आहे. तिथला मच्छीमार किंवा शिक्षक असा हिस्सा कशाला घेईल? गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखाच पासपोर्ट हवा असलेला दुसरा माणूस, आणि त्याच्यापुढे बिल्डर नवे हिस्से घेऊन उभाच असतो. त्यात वादळांचा भाग. २००४ च्या आयव्हन वादळात ग्रेनाडातील बहुतेक घरांची पडझड झाली. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने त्याच देशाच्या कॅरियाकू बेटाची दैना केली.

दानाचा तोटा पहिल्या दिवशीच कळतो. तो ठरलेला असतो, वाढत नाही. घराचा तोटा पाच वर्षांनी कळतो. ज्याच्याकडे पोट भरून उरलेला पैसा आहे त्याने घराचा जुगार खेळावा. ज्याला आईची खोली विकावी लागते त्याने तो खेळू नये. मी भाच्याला एवढेच विचारले, "हिस्सा विकला गेला नाही, तर अक्का कुठे राहील?"

'दान' या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. दान देणारा मोबदला मागत नाही, हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. इथे मोबदला ठरलेला आहे, म्हणून ही फी आहे. तिला फीच म्हणावे. पैसा वाया जातोच असे नाही. २०१७ च्या मारिया वादळानंतर डॉमिनिकात अशाच पैशातून घरे बांधली गेली. पण त्यामुळे देणारा दाता ठरत नाही.

आणि फी कशाची? पासपोर्टची किंमत दुसरे देश ठरवतात. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. ज्यांनी त्याआधी पैसे भरले होते, त्यांना कोणी परत दिले नाहीत.

पुस्तिकेत एक खर्च छापलेलाच नव्हता. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकते, पण त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मुलांचे पासपोर्ट काढले तर त्यांच्यापुढेही हाच प्रश्न. अनुसूचित जातीच्या सवलती भारतीय नागरिकांसाठी आहेत. त्या बौद्धांना केंद्राकडून मिळायला १९९० साल उजाडावे लागले. मुले उद्या परत येऊन इथे शिकायचे म्हणाली तर? दान असो वा घर, हा खर्च दोन्ही वाटांवर सारखाच आहे, आणि डॉलरात मोजता येत नाही.

भाच्याने खोलीचा विषय सोडला. नागरिकत्वाबद्दल नवरा-बायको अजून विचार करीत आहेत. तो निर्णय त्यांचा आहे आणि त्यांनी काहीही ठरवले तरी मी त्यांना नावे ठेवणार नाही. घ्यायचेच झाले तर स्वतःच्या बचतीतून, आणि दानाच्या वाटेने, असे माझे मत मी सांगितले.

ज्यांची मुले बाहेर आहेत त्या आईवडिलांना विनंती आहे. मुलाने अशी पुस्तिका आणली तर रागावू नका आणि हुरळूनही जाऊ नका. त्याला शेजारी बसवून चार गोष्टी विचारा. हिस्सा कोण विकत घेणार, हे लिहून मिळेल का? एजंटाला बिल्डरकडून दलाली किती? अर्ज नाकारला तर कोणते पैसे परत मिळतील? आणि इथला मतदानाचा हक्क सोडायला घरातले सगळे तयार आहेत का? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत घरातल्या कोणी कशावरही सही करू नये.