समान मोबदला कायद्यास, समुद्रपूरहून

प्रिय कायद्या,

तू आणि मी एकाच सालचे. सप्टेंबर १९७५ मध्ये तू अध्यादेश म्हणून आलास, १९७६ च्या फेब्रुवारीत कायदा झालास, आणि त्याच साली मी समुद्रपूर तालुक्यात एका शेतमजुराच्या घरी जन्मले. तुझं नाव माझ्या कानावर यायला पंचवीस वर्षं गेली. आईला तर ते कधी कळलंच नाही.

आईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात गेलं. सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू. पात धरायची, कमरेच्या ओटीत कापूस भरत जायचं, वाकलेली पाठ दुपारच्या भाकरीलाच सरळ व्हायची. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या मुळाशी रुततात. रात्री ती बोटांच्या चिरांना खोबरेल लावायची तेव्हा दिवा मी धरायची. निंदण बायांचं, डवरण गड्यांचं. वेचणी बायांची, फवारणी गड्यांची. अशी वाटणी, आणि गड्याची रोजी बाईच्या दीडपट. एकदा आईनं मालकाला विचारलं, "भाऊ, मायी रोजी कमी काहून?" तो शांतपणे म्हणाला, "डवऱ्यावर जाता काय तुमी?"

ते उत्तर मी आजही विसरले नाही, कारण तू नेमका तिथंच अडतोस. समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला समान मोबदला, असं तुझं कलम ४ सांगायचं. गावानं मात्र काम आधी वाटून घेतलं आणि भाव मागून ठरवला. काम वेगळं म्हणून दाम वेगळं, असं म्हटलं की तू बांधावरच उभा राहतोस.

एकदा मुंबईत तू बांध ओलांडलास. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या; त्यांनी तुझ्याकडे दाद मागितली. साहेबांच्या दिमतीला असलेल्या महिला स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता, आणि त्यांचं काम निराळ्या वर्गातलं आहे, असं कंपनीचं म्हणणं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. पदाचं नाव काय आहे ते सोडा, रोज हातून होणारं काम बघा, असा त्या निकालाचा रोख होता. परवडत नाही ही सबबही न्यायालयानं चालू दिली नाही. निकाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आईची बोटं होती. वेचणीला कौशल्य लागत नाही म्हणणाऱ्यानं पालापाचोळा न लागता दिवसभर कापूस काढून दाखवावा.

आता तू वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेलास. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. समान काम कशाला म्हणायचं, तर कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल त्याला, असं तिथं लिहिलंय. हे चार शब्द माझ्या मते आमच्यासाठी फार मोलाचे आहेत. पण ते वावरात येऊन मोजणार कोण? सोयाबीनच्या सोंगणीत नवरा-बायको शेजारशेजारच्या पातीत असतात, हातात तोच विळा, डोक्यावर तेच ऊन, आणि रोजावर काम असलं की संध्याकाळी हातात वेगवेगळे पैसे. इथं तर वाद घालायलाही जागा नाही. तरी तक्रार होत नाही. एक दिवसाची रोजी बुडवून वर्ध्याला जायचं, आणि परतल्यावर ज्याची तक्रार केली त्याच्याच वावरात काम मागायचं, हे कुठल्या बाईला जमेल?

आईला बाबांइतके पैसे मिळाले ते फक्त रोजगार हमीवर. खडी फोडायला दोघंही जायचे आणि दर एकच होता. मोजमाप खडीच्या ढिगाचं व्हायचं, ढीग कुणाचा ते कुणी विचारत नव्हतं. त्या दिवसांत आई घरी मोठ्यानं बोलायची, एवढं मला आठवतं.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवायची नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दीड एकर मक्त्यानं केलं. सोंगणीला चार बाया आणि दोन गडी सांगितले. आदल्या रात्री मी पैसे काढून ठेवले आणि माझ्याच हातांनी दोन वेगळे गठ्ठे केले, गड्यांचा जाड, बायांचा बारीक. चालू भाव होता तो, डोक्यात दुसरा विचारच आला नाही. झोपताना ते गठ्ठे दिसले आणि अंगावर काटा आला. उठले, पुन्हा मोजले, सहा सारखे भाग केले.

सोंगणीच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी भेटायला आला. "वैनी, रेट बिघडवू नका. कापसाले भाव नाही, आमी कुठून देऊ?" त्याचं दुखणं खोटं नाही, मीही तेच सोसलंय. पण भावाचा तोटा बायांच्या रोजीतून भरून काढायचा, हे मला आता मान्य होत नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं.

पैसे वाटले त्या संध्याकाळी मात्र एक बाई वाटेतून परत आली होती. अंधार पडत होता. तिनं पदराची गाठ सोडली, नोटा माझ्यापुढे धरल्या, वरच्या दोन वेगळ्या काढल्या आणि म्हणाली, "वैनी, हे गड्याचे चुकून माह्याकडं आले वाटते."

तुझ्याच वयाची,
समुद्रपूर तालुक्यातली एक शेतमजुराची लेक