शिष्यपण आणि लोकांची तोंडे

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पावसाला आणि लोकापवादाला आडोसा सापडणे कठीण. पाडे लहान, घरे कुडाची. कोणाच्या चुलीवर आज काय शिजले हे तिसऱ्या घरी वासावरून कळते, आणि कोणाचे पाऊल कोठे वाकडे पडले हे त्याही आधी कळते. अशा ठिकाणी एखाद्याने आपणांस ख्रिस्ताचा शिष्य म्हणविले, की दुसऱ्या दिवसापासून त्याची वाणी, त्याचा हात, त्याची चाल यांचे मोजमाप सुरू होते. एस. टी.ची वाट पाहत नाक्यावर बसलेल्या मंडळींपाशी या कामासाठी वेळही मुबलक असतो! आमच्या वसतिगृहातील मुलांना याची झळ सहसा लागत नाही. परंतु सुट्टीत घरी गेलेली मुले परत येतात तेव्हा त्यांतील काहींच्या चेहऱ्यावरून आम्ही ओळखतो की यंदा कोणी तरी काही तरी बोलले आहे.

आमच्या मते लोकांच्या बोलण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक बोलणे खोटे असते, दुसरे खरे असते. खोट्या बोलण्याला तोंड देणे त्यातल्या त्यात सोपे. पंडिता रमाबाईंना ते जन्मभर द्यावे लागले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला; १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली, सदनातील मुलींना त्या आपल्या धर्माकडे ओढतात असा गवगवा होऊन सल्लागार मंडळातील थोर गृहस्थ बाजूस झाले, आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. विशेष हे की, ज्या ख्रिस्ती मंडळींत बाई गेल्या, तेथेही त्यांची मते शिस्तीबाहेरची आहेत म्हणून तक्रार होतीच. म्हणजे इकडून आणि तिकडून दोहींकडून बोल. बाईंनी आपले काम सोडले नाही. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीतून मुली उचलून केडगावास घेऊन आल्या. लोक काय म्हणतात याचे उत्तर देण्यास त्यांस बहुधा सवडच झाली नसावी.

दुसरे बोलणे, जे खरे असते, ते सोसणे फार जड. आमच्या ओळखीच्या एका तरुणाची हकीकत येथे सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यातील हा मुलगा शाळेत असताना प्रार्थनेत पुढे असे, आणि दारूला शिवणार नाही असे त्याने चारचौघांत सांगितले होते. एका लग्नात हळदीच्या रात्री भाऊबंदांनी त्याला घेरले. 'आता तू मोठा साहेब झालास, आमच्या हातचे तुला चालत नाही,' असे टोमणे सुरू झाले. मोहाची दारू त्याला प्यावीशी वाटली होती असे नव्हे. परंतु आपल्याच माणसांत परका ठरण्याची भीती त्यास सोसवेना, आणि तो प्याला. दुसऱ्या दिवशी ज्यांनी पाजली तेच गावभर सांगत फिरले, 'पाहिलेत, हा येशूचा शिष्य!' मंडळीतही कुजबुज झाली. त्यानंतर तो उपासनेस येईनासा झाला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, माझं नाव यादीतून काढा. आधी मी नीट होतो, मग येतो."

हे वाक्य आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते ऐकले की आम्हांस काळजी वाटते. ते बोलणाऱ्याला नम्रतेचे वाटते, आणि खोटे बोलण्याने झाले नसते एवढे नुकसान ते करते. अंग स्वच्छ झाल्यावर मग नदीवर जाईन, असे म्हणण्यासारखेच ते आहे. आम्ही त्यास पेत्राची गोष्ट सांगितली. पण अंगणातील शेकोटीची नव्हे, ती तर लहान मुलांसही पाठ असते. आम्ही अंत्युखियाची सांगितली. पुनरुत्थान होऊन गेले होते, आत्म्याचे दान मिळाले होते, हजारोंपुढे पेत्राचे भाषण झाले होते. असा हा वडील प्रेषित परजातीयांबरोबर एका पंक्तीस जेवत होता. पण यरुशलेमेकडून काही माणसे आली, ती काय म्हणतील या भयाने तो पंक्तीतून मागे सरला. पौलाने त्यास सर्वांदेखत तोंडावर बोल लावला. नीट पाहिले तर अंगणातील नाकारणे आणि हे मागे सरणे यांचे मूळ एकच आहे: लोक काय म्हणतील! मोखाड्याच्या हळदीत आमच्या तरुणाचा पाय घसरला तोही याच दगडावर. एवढे असूनही पेत्राचे नाव यादीतून निघाले नाही, आणि ते काढा असे म्हणत तोही कोठे लपून बसला नाही.

शास्त्रातील माणसे आपल्यापासून फार दूरची, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्याच मराठीतील एक घर पाहावे. मोखाड्याहून त्र्यंबकावरून नाशिकला आमची पुष्कळ मुले जातात. त्या नाशिकजवळच्या जलालपूरला लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक हे कवी. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जातीने त्यांस टाकले. पत्नी सुमारे पाच वर्षे दूर राहिली. हे सारे बाहेरचे. पण टिळकांना शिष्य म्हणून कसे चालावे लागले हे समजण्यासाठी 'स्मृतिचित्रे' वाचावे. मराठीत याहून प्रामाणिक पुस्तक आम्हांस तरी माहीत नाही. त्यात पतीचा तापटपणा आहे, विक्षिप्तपणा आहे, हाती पैसा न टिकण्याची खोड आहे, घरात कोणालाही न सांगता निघून जाणे आहे, आणि हे सर्व एका अशा बाईने लिहिले आहे की जिला ते रोज भोगावे लागले. तिने काही झाकले नाही. तरीही पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदर कमी होत नाही. याचे कारण आम्हांस असे वाटते की, टिळकांनी आपण झालो ते पूर्ण झालो असा आव कधी आणला नाही. पडले तर पुन्हा त्याच वाटेवर उठून उभे राहिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हाही, बाप्तिस्मा न घेतलेल्यांना यात जागा कशी, म्हणून स्वकीयांचे आक्षेप आलेच.

येथे पालकांस एक विनंती करावीशी वाटते. मुलगा खोटे बोलला, मुलीने उलट उत्तर दिले, की 'तू येशूची ना, मग असे का?' हे शब्द घरी फार लवकर तोंडावर येतात. चुकीबद्दल जरूर रागवावे. पण विश्वासाची काठी करून तिनेच मुलास मारू नये. नाक्यावरच्या मंडळींचे काम घरच्यांनी करण्याची गरज नाही. आपण नागलीचे रोप राबातून उपटून लावतो तेव्हा दोन दिवस ते असे मान टाकते की नव्या माणसास वाटावे, गेले. आपण ते फेकून देतो काय? त्याने मान टाकली म्हणून कोणी शेतकरी त्याला शिव्या घालीत बांधावर बसल्याचेही आम्ही पाहिलेले नाही.

आमचा तरुण पुढल्या एका रविवारी आला आणि मागल्या रांगेत बसला. काही माना वळल्या. तो बसून राहिला. दिवाळीनंतर तो इतरांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. तेथे आठवड्याची खर्ची हाती पडली की बाटलीही फार दूर नसते, हे आम्ही जाणतो, तोही जाणतो. जाण्यापूर्वी त्याने आपणहून दोन सोबत्यांना सांगून ठेवले की, खर्चीच्या दिवशी मला एकटा सोडू नका. पूर्वी त्याने चारचौघांत शपथ घेतली होती. या वेळी त्याने मदत मागितली. या दोहोंत आम्हांस मोठा फरक दिसतो.

टिळकांची गोष्ट मात्र थोडी राहिली. येशूचे चरित्र ओवीबद्ध मराठीत लिहावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले होते. पहिले काही अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते देवाघरी गेले. काव्य अर्धेही झाले नव्हते. पुढले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळकांच्या दोषांची सर्वांत लांब यादी ज्या बाईपाशी होती, तिनेच त्यांचे राहिलेले काम पुढे चालविले.