बेंगळुरूहून पोर्ट लुईला

बसवनगुडीत राहणाऱ्या या मराठी कुटुंबाने मॉरिशस निवडले ते समुद्रासाठी. नऊशे मीटर उंचीवरच्या शहरात वाढलेल्या दोन मुलांना निळे पाणी हवे होते. आईवडिलांना व्हिसाची कटकट नको होती. मूळच्या चिपळूणच्या आजींना ‘तिकडे आपल्या कोकणातली माणसं गेलीत’ एवढे ऐकून माहीत होते. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येला, त्यामुळे पहिल्याच दिवशी अख्खे बेट आडवे ओलांडावे लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढीग. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. शेत करायचे तर आधी दगड उपसायचे. ते काम पहिल्यांदा गुलामांनी केले आणि नंतर हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांनी.

पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत आहे. मागे अंगठ्यासारखा उभा ल पूस, पलीकडे पीटर बोथचा सुळका आणि त्याच्या टोकावर आत्ता पडेल असा वाटणारा प्रचंड धोंडा. समोर बंदर. डच इथे १५९८ मध्ये आले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिले आणि १७१० मध्ये ते बेट सोडून निघून गेले. शहर वसवले फ्रेंचांनी. गव्हर्नर ला बुर्दोनेने १७३५ पासून बंदर, गोदामे, इस्पितळ उभे केले, आणि त्यासाठी पुदुच्चेरीकडून कारागीर आणले. म्हणजे मजुरांची जहाजे येण्याच्या शंभर वर्षे आधीच दक्षिण हिंदुस्थानी हात या शहराच्या भिंती रचत होते. बंदराजवळ ताडांच्या दुहेरी रांगेपुढे ला बुर्दोनेचा पुतळा आहे. त्या कारागिरांचा कुठे दिसला नाही, ही गोष्ट मुलीच्या लगेच लक्षात आली.

मध्यवर्ती बाजारात पहिली ओळख झाली ती खाण्यातून. डाळपुरी इथे जोडीने मिळते. आत हरभऱ्याच्या डाळीचा भुगा भरलेली, पिवळसर, इतकी पातळ की कागदात गुंडाळताना दुमडते पण फाटत नाही. विक्रेता तिच्यावर एका हाताने वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची आंबट चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पसरतो आणि दुसऱ्या हाताने पैसे घेतो. आजींनी एक घास घेतला आणि निकाल दिला, “गुळाशिवायची पुरणपोळीच ही!” धाकट्याला आलूदा आवडला, दुधातला, सब्जा घातलेला गारेगार. सुट्ट्या पैशांत मिळालेली नोट मुलीने उलटून पाहिली. इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरीही होती.

बेंगळुरूकरांना खरा धक्का बसतो तो शाँ द मार्सवर. १८१२ पासून इथे घोड्यांच्या शर्यती होतात. दक्षिण गोलार्धातल्या सर्वांत जुन्या रेसकोर्सपैकी हे एक. मैदानातच गव्हर्नर मालार्तिकची समाधी आहे. बहुतेक पर्यटक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. पण टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालाजवळून रोज शाळेची बस जाणाऱ्या मुलांनी तिथे थांबायलाच हवे.

जानेवारी १७९८ मध्ये टिपूचे दोन वकील याच बंदरात उतरले. इंग्रजांविरुद्ध फ्रेंच मदत मागायची होती आणि ती बोलणी गुपचूप व्हायला हवी होती. मालार्तिककडे पाठवण्याजोगी फौज नव्हती. त्याने ३० जानेवारीला चक्क जाहीरनामा काढला, की टिपूच्या बाजूने लढायला स्वयंसेवक हवेत. जेमतेम शंभरेक माणसे मिळाली. ती एप्रिलमध्ये मंगळुरूला उतरली, पण खरे काम केले ते जाहीरनाम्याने. त्याची बातमी कलकत्त्याला पोहोचली आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीला युद्धाचे निमित्त आयतेच मिळाले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. १८०९ मध्ये इंग्रजांनी बेंगळुरूत लष्करी छावणी वसवली. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉरिशस घेतले आणि त्या मोहिमेत हिंदुस्थानी शिपायांच्या पलटणीही होत्या. बेंगळुरूच्या लालबागेसाठी टिपूने ज्या दूरदेशांतून रोपे आणवली त्यांत मॉरिशसही होते. बसवनगुडीतल्या घरापासून लालबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोर्ट लुईशी आपले नाते आहे हे मात्र या घराला इथे, एका फ्रेंच गव्हर्नरच्या समाधीपाशी उभे राहून कळले.

हिंदुस्थानी मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट बंदरालगतच आहे. गुलामगिरी संपणार हे दिसू लागताच मळेवाल्यांना नवे मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले. करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये, शिवाय शिधा. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसे या धक्क्यावर उतरली. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण नोंदवहीत उतरवली जाई. २००६ मध्ये घाट जागतिक वारसास्थळ ठरला, पण मूळ आवारातले निम्म्याहून कमी उरले आहे, कारण मोठा रस्ता त्यातूनच काढला गेला.

उरले आहे ते लहान आहे. दगडी खोल्या, फरशा, आणि धक्क्यापासून वर येणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांचा दगड काळा, कडा झिजलेल्या. आजी कठड्याशी उभ्या राहिल्या. “भात पिकेना, म्हणून कोकणातला माणूस मुंबईला गेला हे माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तो इथवर आला, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.”

ही तक्रार रास्त आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत इथली मराठी माणसे सहसा भेटत नाहीत. त्यांनी मात्र आपले बरेच काही टिकवले. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, सरकारी शाळांत मराठी शिकता येते, आणि गुहागर-चिपळूणकडची जाखडी इथे ‘झाकरी’ म्हणून गणपतीपुढे अजून नाचली जाते. घरात क्रिओल बोलणारी पोरे त्या तालावर फेर धरतात.

समुद्रही पाहून झाला. तो सुंदर आहे, त्याची जाहिरात करायची गरज नाही. पण सहल कंपन्यांच्या कार्यक्रमांत पोर्ट लुईला बहुधा खरेदीपुरता अर्धा दिवस मिळतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. किनाऱ्यावरचा एक दिवस कमी करा आणि तो या शहराला द्या. सकाळी बाजार, मग शाँ द मार्स आणि शेवटी घाट. घाटावर प्रवेशशुल्क नाही. रविवारी तो बंद असतो, म्हणून दिवस आधीच ठरवून जा.