परक्या फरशीवर

परगावचा सामना ठरला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, त्यांच्याकडं कोण कोण हाय?" माझा प्रश्नही ठरलेला : हॉलची फरशी कसली आहे? यावरून माझी बरीच थट्टा होते. एकाने तर मला गवंडीकाम का नाही धरलं म्हणून विचारलं. तरी छपराखालचा फुटबॉल, म्हणजे फुटसाल, शिकवता शिकवता माझं हे मत पक्कं होत गेलंय. समोरच्या पाचांकडे जे आहे ते थोड्याफार फरकाने आपल्याकडेही असतं. फरशी मात्र त्यांची एकट्याची असते. ती कुठे धरते, कुठे सोडते, कुठल्या कोपऱ्यात चेंडू मेल्यासारखा पडतो, हे त्यांच्या पायांना माहीत असतं आणि आपल्याला नसतं. परगावच्या सामन्याची तयारी म्हणजे ही माहिती जमेल तेवढी आधी गोळा करायची, आणि जी मिळणार नाही तिच्यावाचून खेळायची सवय लावायची.

यंदाचा सामना गोव्यात, म्हापशाकडे आहे, आणि तोही जुलैत. आमची पोरं कोल्हापूरची, आणि कोल्हापूरच्या पोराला फुटबॉलची ओळख करून द्यावी लागत नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार ही संघांची नावं तो चालायला लागायच्या आधी ऐकतो. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ उतरला की घरात जेवण अडून राहतं. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा तर प्रत्येक गल्लीला तो आपलाच वाटत होता. पण तो सगळा अकरा जणांचा, उघड्यावरचा खेळ. पाऊस लागला की मैदान बंद होतं आणि आमचं दुकान उघडतं.

उरलेलं वर्ष ही पोरं टर्फवर घालवतात. तासाच्या बोलीने मिळणारी, जाळीने वेढलेली कृत्रिम हिरवळ आता प्रत्येक उपनगरात आहे, आणि तिथे पाच-पाच जण खेळले की लोक त्यालाच फुटसाल म्हणतात. ते फुटसाल नव्हे. टर्फवर चेंडू गवतात अडतो, तुम्हाला विचार करायला वेळ देतो, आणि जाळीला लागून परत येतो. आमच्या खेळात भिंत नाही, रेघ आहे. चेंडू बाहेर गेला की गेला. आमचा चेंडू चार नंबरचा, 62 ते 64 सेंटिमीटर घेराचा आणि 400 ते 440 ग्रॅम वजनाचा असतो. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उडी 65 सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियमच आहे. तो उसळत नाही, सरपटतो, आणि सरपटताना अंदाजापेक्षा वेगाने येतो. त्याला थांबवायचा तो तळव्याने, वरून दाबून. टर्फवरचा पोरगा पायाची आतली बाजू पुढे करतो आणि चेंडू हातभर पुढे निसटतो. तेवढी जागा समोरच्याला पुरते.

2016 मध्ये प्रीमियर फुटसाल भरलं तेव्हा रोनाल्डिन्हो गोव्याच्या संघाकडून खेळला होता. त्याच्या क्लिपा पोरांच्या मोबाइलवर आहेत, आणि गोव्याला जायचं म्हटल्यावर त्या पुन्हा फिरायला लागल्या आहेत. पोरं त्याच्या हुलकावण्या बघतात. मी त्यांना म्हणतो, हुलकावणी राहू दे, त्याच्या आधीचा अर्धा सेकंद बघ. चेंडू तळव्याखाली आहे, त्यामुळे तो चारही दिशांना जाऊ शकतो. पुढचं सगळं त्यातून येतं.

या खेळाची जुळणी मुळातच उसनवारीची आहे. 1930 च्या सुमारास उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओत, वायएमसीएमध्ये शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी तो मांडला. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटं बास्केटबॉलवरून घेतली, गोल हँडबॉलवरून, गोलकीपरचे काही नियम वॉटरपोलोवरून. आमचं मैदान 40 बाय 20 मीटर आणि गोल 3 बाय 2 मीटर, ही मापं हँडबॉलचीच. हे मी पोरांना इतिहास म्हणून सांगत नाही. ज्या हॉलमध्ये हँडबॉलचं मैदान आखलेलं असेल तिथे आपला गोलपुढचा भाग जवळजवळ तयार मिळतो, म्हणून सांगतो. अडचण होते ती इतर हॉलमध्ये. तिथे बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल या सगळ्यांच्या रेघा एकमेकींवर पडलेल्या असतात, आणि त्यांच्यावर आयत्या वेळी पट्ट्या चिकटवून आमच्या रेघा काढतात. गोलकीपर धावत पुढे येतो, पायाखाली भलतीच रेघ बघून आपण अजून आत आहोत असं समजतो आणि हाताने चेंडू धरतो. म्हणून गेले काही दिवस आम्ही आमच्या सरावाच्या फरशीवर मुद्दाम नको त्या रेघा ओढल्या आहेत, लाल, पिवळ्या, हिरव्या. खऱ्या रेघा पांढऱ्या. गोलकीपरने पहिल्या दिवशी मला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या असणार. आता तो रेघ बघतच नाही. मागे न वळता गोलच्या खांबांपासूनचं अंतर पायांनी मोजतो, आणि मला तेच हवं होतं.

खरी काळजी आहे ती ओलीची. जुलैत कोकणपट्टीची हवा पाण्याने जड असते. फरशी त्या हवेपेक्षा जरा गार असली की तिच्यावर दव धरतं. त्यात प्रेक्षक छत्र्या घेऊन आत येतात, दारं उघडी राहतात, आणि मध्यंतरापर्यंत फरशीला घाम फुटतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बुटाला कळतं. कोरड्या फरशीवर रबरी तळव्याचा बूट किंचाळतो. तो आवाज बंद झाला की समजावं, आता जपून. आवाज गेला की पावलं लहान करायची, कंबर खाली आणायची, आणि वळण एका झटक्यात न घेता दोन-तीन पावलांत घ्यायचं. पाय मागे नेऊन मारायचा फटका अशा वेळी विसरायचा, कारण टेकलेला पायच सरकतो. बुटाच्या टोकाने, पाय मागे न नेता, टोचून मारायचं. मैदानावर असा फटका मारला तर पेठेतली म्हातारी माणसंही हसतील. आमच्या खेळात तो पहिल्या इयत्तेचा धडा आहे, आणि गोलकीपरला तो सगळ्यात उशिरा दिसतो.

हे शिकवायचं तर घरची फरशी घसरडी करावी लागते. हॉलच्या रखवालदाराला विश्वासात घेऊन, कडेच्या एका पट्ट्यावर ओलं फडकं फिरवून आम्ही हळू चालीत सराव करतो. वेग नाही, अंगाला अंग नाही, फक्त पाय टाकायचा कसा तेवढंच. जास्त ओलं केलं तर गुडघा जाईल, आणि गुडघा गेलेला पोरगा गोव्याला जाऊन शहाळं पिण्यापलीकडे काही करू शकत नाही. बाकाजवळ दोन टॉवेल ठेवायचे, एक ओलसर आणि एक कोरडा. ओलसर टॉवेलवर तळव्याची धूळ जाते, कोरड्यावर ओल. आत जाणारा प्रत्येक जण दोन्हींवर पाय घासून जाणार. पोरं सुरुवातीला लाजतात, देवळात शिरल्यासारखं वाटतं म्हणतात.

समोरच्या संघाच्या क्लिपा मीही बघतो, नाही असं नाही. पण पोरांची नजर चेंडूवर असते तेव्हा माझी कडेला. रेघेपासून भिंत किती लांब आहे? हातभर असेल तर आमचा डावीकडचा जोरात धावणारा पोरगा तिथे कचरणार, त्याला दुसरीकडे खेळवावं लागेल. दिवे कुठे टांगलेत? उंच फेकलेला चेंडू दिव्यात हरवतो का? घड्याळ बाकावरून दिसतं का? आमचं घड्याळ चेंडू थांबला की थांबतं, वीस मिनिटं म्हणजे पुरी वीस, त्यामुळे शेवटच्या चाळीस सेकंदांतही दोन गोल होऊ शकतात. ज्या संघाला घड्याळ दिसतं त्याचा टाइमआउट वाया जात नाही. तोही प्रत्येक डावात एकच असतो, एका मिनिटाचा.

आणि आवाज. पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस कोसळतोय, खाली यजमानांची माणसं ओरडताहेत, अशा वेळी मी बाकावरून काही सांगतोय ही माझी समजूत आहे, दुसरं काही नाही. आमच्याही हॉलवर पत्राच आहे. पावसाची मोठी सर आली की मी बोलणं बंद करतो आणि त्या दिवशीचा सराव हातांच्या खुणांवर चालतो. कॉर्नरला एक बोट म्हणजे मागे असलेल्याला, दोन बोटं म्हणजे दूरच्या खांबाकडे, मूठ म्हणजे काही नाही, चेंडू सांभाळा. खुणा तीनच. चौथी शिकवली की पहिलीही विसरतात. बाजूचा चेंडू असो, कॉर्नर असो की फ्री किक, चार सेकंदांत खेळावा लागतो. पंच हात वर करून बोटांनी मोजतो. घरच्या मैदानात चार सेकंद लांब वाटतात. परक्या गोंगाटात दुसऱ्या बोटालाच पोरांचा धीर सुटतो. याला माझ्याकडे उपाय एकच, मोजणी मोठ्याने पाठ करून घेणं. सगळा संघ एकदम मोजतो, बाहेरून ऐकणाऱ्याला पाढे चाललेत असं वाटेल.

फाउलचं वेगळं. एका डावात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला भिंतीशिवाय फ्री किक मिळते, फार तर दहा मीटरवरून. समोर गोलकीपर एकटा. पंच यजमानांच्या बाजूने झुकतात असं पोरं म्हणतात. मला ती चर्चा आवडत नाही आणि मी ती चालू देत नाही, कारण तिचा सरावाला काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा आम्ही घरचे सामने फलकावर आधीच चार फाउल लिहून सुरू करतो. धक्का मारायची खोड असलेला पोरगा त्या फलकाकडे बघत खेळायला शिकतो. पेठेच्या मैदानावर खांदा मारला की टाळी मिळते. ती सवय उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, अजूनही पुरती उतरलेली नाही.

प्रवासाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा अशी वाट. शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी अर्धा महाराष्ट्र भिजायला आलेला असतो, तेव्हा पहाटे निघून गर्दीच्या आधी घाट उतरायचा. घाटात ज्यांना मळमळतं ते पुढच्या सीटवर, गाणी लावणारा मागे. रात्री मासे खाऊ का, असं मला आधीच विचारून झालंय. सामना संपल्यावर खा, पोटभर खा, पैसे मी देतो. त्याआधी भात, दही, केळी. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या पोरांसमोर दहीभाताचं ताट ठेवायला कोच म्हणून जिगर लागते.

आदल्या संध्याकाळी हॉल अर्धा तास मिळावा म्हणून विनंती केली आहे. बहुतेक ठिकाणी ती वेळ बॅडमिंटनवाल्यांची असते. नाही मिळाला तरी मी सगळ्यांना गॅलरीत नेऊन बसवणार. बॅडमिंटन खेळणारा माणूस पुढे झेपावून एका पायावर थांबतो. तो थांबतो तिथेच थांबतो की वीतभर पुढे जातो, एवढं बघितलं तरी फरशीची निम्मी ओळख होते. कुठल्या कोपऱ्यात ते सारखे बूट पुसतात, कुठला पंखा बंद आहे, फडकं घेऊन कोण फिरतं आणि किती वेळाने, हे सगळं वरून दिसतं. फडकं मारणाऱ्या माणसाशी ओळख करून घेणं हे काम मी आमच्या कर्णधाराला दिलंय. तो बोलका आहे आणि त्याला कोकणी येते. त्याची आजी सावंतवाडीची.

भारताचा पुरुषांचा फुटसाल संघ आशियाई पात्रतेचे सामने पहिल्यांदा 2023 मध्ये खेळला तोही परक्या फरशीवर, ताजिकिस्तानात. आमच्या पोरांना हे ऐकून बरं वाटतं. बरं वाटायला माझी हरकत नाही.

राहिला प्रश्न पहिल्या पाचांचा. चार नावं ठरली आहेत आणि पोरांना ती न सांगताही कळली आहेत. पाचवी जागा मागे राहून अडवणाऱ्याची, फिक्सोची. तिथे दोघं आहेत. एक उंच, भारदस्त, समोरच्या पिव्होला, म्हणजे सगळ्यात पुढे उभ्या राहणाऱ्याला, पाठीवर घेऊन हलू न देणारा. दुसरा बुटका, चपळ, कंबर जमिनीला लावून खेळणारा. फरशी कोरडी असेल तर उंच, ओली असेल तर बुटका, असं दोघांनाही सांगून ठेवलंय. तेव्हापासून बुटका रोज मोबाइलवर म्हापशाच्या पावसाचा अंदाज बघतो आणि उंच मला विचारतो, सर, त्यांच्या हॉलला एसी हाय का?