नांदगावची पिवळी पाटी आणि गच्चीवरचं विमान

विमान घरी बनतं? बनतं बॉस, आणि तेही आपल्या कांदिवलीत! कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते बीकेसीत झळकलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदलं गेलं, २०१९ मध्ये उडण्याची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी उड्डाणं झाली.

त्याच धुळ्याला रेल्वेनं निघालात, तर मनमाडनंतर लागतं नांदगाव. मी इथे मुद्दाम उतरले, ती फलाटावरच्या पिवळ्या पाटीसाठी. स्टेशनच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना, तीच.

आकाशात अशी पाटी नाही. तिथे विमान हवेलाच विचारतं. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, साधारण साडेआठ मीटरला एक मिलिबार. विमानाच्या अंगावरचं बारीक छिद्र, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, हा दाब टिपतं आणि काटा उंची दाखवतो. समोर तोंड केलेली पिटो ट्यूब अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा दाब घेते. दोन्ही दाबांतला फरक म्हणजे वेग. सिंपल फंडा!

पण नळी कुठे गळत असेल तर? म्हणून उडण्याआधी जमिनीवरच परीक्षा होते. यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक पिटोला जोडायचं आणि दुसरं उघडं टोक हळूहळू वर उचलायचं. दोन्हीकडच्या पाण्यात साडेसोळा सेंटिमीटर फरक पडला की वेगाचा काटा ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास हवा, आणि तिथेच टिकायला हवा. स्टॅटिकच्या बाजूनं उलट, हवा हलकेच ओढून उंचीचा काटा हजार फूट चढवायचा. अमेरिकी नियमानुसार मिनिटभरात तो शंभर फुटांहून जास्त उतरता कामा नये. तोंडानं फुंकणं मात्र सक्त मना, आतली यंत्रं जाम नाजूक असतात.

एवढा बाऊ कशाला? ऑक्टोबर १९९६ मध्ये एरोपेरूचं बोइंग ७५७ धुतल्यानंतर स्टॅटिक पोर्टवरची चिकटपट्टी काढायची राहून गेली. रात्री समुद्रावर वैमानिकांना ना खरी उंची कळली, ना वेग. ७० जण गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्जनएअरच्या अपघातात १८९ जण गेले. तिथे पिटो ट्यूब बुजलेली होती आणि संशय होता कुंभारमाशीवर. आपल्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर बांधते ना, तसलीच! एवढी मोठी विमानं अशी फसतात, मग गच्चीवर बनलेल्या विमानाला ही परीक्षा चुकवून कसं चालेल?

नांदगावला उतरलात, तर पाटीवरचा आकडा मोबाइलच्या बॅरोमीटरशी ताडून बघा. जुळला नाही तर घाबरू नका. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून वैमानिकही उडण्याआधी त्या दिवसाचा दाब यंत्रात लावून घेतात.

कसं जाल : मध्य रेल्वेनं मनमाडमार्गे नांदगाव. पुढे धुळ्याला जायचं तर चाळीसगावला फाटा आहे.