वाईट खेळण्याचा हक्क

आर्सेनल हरली की आमच्या टोळक्यात तीन दिवसांचा दुखवटा असतो. पहिल्या दिवशी सगळा दोष रेफ्रीचा. दुसऱ्या दिवशी कोचचा नंबर लागतो. तिसऱ्या दिवशी एकेक खेळाडू पिंजऱ्यात उभा केला जातो. चौथ्या दिवशी पुढच्या मॅचची टीम आम्हीच निवडून मोकळे झालेलो असतो.

आम्ही सहा जण आहोत, सगळे कोंढव्यात राहणारे. एक जण बँकेत आहे, एकाचं मोबाईलचं दुकान आहे, एक कॉलेजात शिकवतो. माझा मामेभाऊ आमच्यात सगळ्यांत लहान. दोघं जण मुसलमान नाहीत. लंडन कुणीच पाहिलेलं नाही. तरीही बॉल उजवीकडे असताना डाव्या बॅकने कुठं उभं राहायचं, यावर हॉटेलवाला शटर ओढेपर्यंत वाद चालतो. घरचे विचारतात, परदेशातल्या त्या क्लबचं तुम्हाला एवढं काय पडलंय? या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नाही. पण या वादांतून मला खेळापलीकडचं काही कळत गेलं, ते आज लिहितोय.

आधी ग्रानिट झाकाची गोष्ट. हा आर्सेनलचा कर्णधार. २७ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याला बदली करून बाहेर बोलावलं. तो रमतगमत चालत निघाला, तसं स्वतःच्याच मैदानावर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तो चिडला, त्याने शिवी हासडली आणि जर्सी काढून आत निघून गेला. कर्णधारपद गेलं. आमच्यातल्या बँकवाल्याचं त्या काळातलं मत ठाम होतं, "हा वळायला रिक्षापेक्षा जास्त वेळ घेतो. मागं मोकळी जागा पडली की हा संपला."

निरीक्षण अचूक होतं. झाका बचावफळीच्या पुढं खेळायचा. तिथं समोरचा वेगानं अंगावर आला की त्याला एकट्याला मोठी जागा राखावी लागे, आणि तेवढा वेग त्याच्या पायांत नव्हता. पुढं मिकेल आर्टेटाने २०२२-२३ च्या मोसमात त्याची जागाच बदलली. मागची राखण थॉमस पार्टीकडं दिली आणि झाकाला डाव्या बाजूनं पुढं, समोरच्यांच्या गोलजवळ सोडलं. तोच माणूस, तेच पाय. आता तो गोल करू लागला. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात वुल्व्ह्जविरुद्ध त्याने दोन गोल केले, आणि ज्या मैदानावर हुर्यो उडाली होती तिथंच लोक त्याला थांब म्हणून गळ घालत होते. तो जर्मनीत बायर लेव्हरकुसेनला गेला आणि पुढच्याच वर्षी, एकही सामना न हरता, ती टीम बुंडेसलिगा जिंकली.

बँकवाला म्हणाला, "मी वळण्याबद्दल बोललो होतो. आता त्याला वळावंच लागत नाही, तर मी कशाला बोलू?"

मला हे उत्तर फार आवडलं. टीका खेळावर असली की खेळ बदलल्यावर ती मागं घेता येते. टीका माणसाच्या अस्तित्वावर असली, तर त्याने काहीही केलं तरी ती जागची हलत नाही.

आता मेसुत ओझिल. आमच्यात सगळ्यांत कडू वाद याच्यावरून झाले.

सप्टेंबर २०१३ मध्ये आर्सेनलने त्याला रिअल माद्रिदकडून घेतलं, तेव्हा क्लबच्या इतिहासातली ती सर्वांत महाग खरेदी होती. त्याच मोसमात आर्सेनलने एफए कप जिंकून नऊ वर्षांचा दुष्काळ संपवला. त्याच उन्हाळ्यात जर्मनी विश्वविजेता झाला आणि ओझिल त्या संघात होता. मॅच सुरू व्हायच्या आधी मैदानात दोन्ही हात पसरून दुआ मागणारा हा पोरगा आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना एकदम आपला वाटला. फुटबॉल म्हणजे काय हे माहीत नसलेल्या खालांनाही त्याचं नाव ठाऊक झालं होतं.

खेळायचा कसा? तर बॉल त्याच्याकडं यायच्या आधीच त्याला पुढचा पास दिसलेला असायचा. २०१५-१६ मध्ये एकट्या प्रीमियर लीगमध्ये त्याच्या पासवर १९ गोल झाले. पण त्याच सुमारास इंग्लंडमधला खेळ बदलत होता. लिव्हरपूलमध्ये क्लॉप, सिटीत ग्वार्डिओला आले. बॉल हातचा गेला की पुढच्या चौघांनी तिथल्या तिथं समोरच्याच्या अंगावर धावून जायचं, त्याला मान वर करू द्यायची नाही, ही रीत रूढ झाली. याला प्रेसिंग म्हणतात. त्यात एकजण जरी चालत राहिला तरी साखळी तुटते आणि समोरचा त्याच फटीतून निसटतो. ओझिल पुष्कळदा चालत राहायचा. खांदे पाडून, मान खाली घालून.

बँकवाला म्हणायचा, "तो बॉल असताना बादशहा आहे. बॉल नसताना आपण दहा जणांनिशी खेळतो."

एका रात्री अशाच एका पराभवानंतर मामेभाऊ उसळला. "तुम्हाला दुसरं कुणी दिसत नाही का? तो दुआ मागतो ना, तेच खुपतं तुम्हाला."

टेबलावर शांतता पसरली. बँकवाला काही बोलला नाही. चहा संपवून उठला. पुढं कित्येक आठवडे तो झाकावर बोलायचा, कोचवर बोलायचा, पण ओझिलचं नाव निघालं की मोबाईल चाळत बसायचा. ओझिल चांगला खेळला तरी गप्प, वाईट खेळला तरी गप्प.

ती शांतता मला शिवीपेक्षा वाईट वाटली. आपल्यातल्या एका खेळाडूबद्दल मनातलं बोलायचं नाही, जपून राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ज्याच्याबद्दल लोक जपून बोलतात, तो माणूस पाहुणा असतो. घरच्याला कुणी असं जपत नाही.

मी मामेभावाला बाजूला घेतलं. "तो जे म्हणतो ते खेळाबद्दल आहे. आणि बरोबर आहे."

"भाई, तुम्ही पण?"

"मी पण. नाव बदलून बघ. 'जॉन बॉल गेल्यावर परत धावत नाही.' वाक्य उभं राहतं ना? मग ती टीका खेळाची. आता 'याला इथल्या भाकरीची किंमत नाही' या वाक्यात जॉनचं नाव घालून बघ. बसतं का?"

नाव बदलून पाहायची ही कसोटी मी तेव्हापासून वापरतो. ओझिलच्या बाबतीत दोन्ही प्रकारची वाक्यं बोलली जात होती, हाच खरा गुंता होता.

मे २०१८ मध्ये लंडनमध्ये त्याने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबत फोटो काढला. एखाद्या सत्ताधीशाशेजारी, तेही निवडणुकीच्या तोंडावर, हसत उभं राहिल्याबद्दल खेळाडूला प्रश्न विचारणं मला गैर वाटत नाही. विचारावेत. पण महिन्याभराने रशियातल्या विश्वचषकात जर्मनी मेक्सिकोकडून हरली, शेवटी दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हरून गटातच बाद झाली. त्या संघात काय चुकलं, हे आमच्या टेबलावरच्या कुणीही सांगितलं असतं. बॉल सगळा वेळ त्यांच्याकडं, दोन्ही बॅक वर चढलेले, आणि मागं प्रतिहल्ला थोपवायला माणूस नाही. चुकले सगळेच होते. पण जाब कुणाला विचारला गेला? फोटोवाल्याला.

२२ जुलै २०१८ रोजी ओझिलने राष्ट्रीय संघ सोडला. ९२ सामने खेळलेला माणूस. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित, असा त्याच्या निवेदनाचा मथितार्थ होता. तो जन्मला गेल्सेनकिर्शेनमध्ये, वाढला तिथंच. त्याने आणखी एक गोष्ट विचारली होती: पोलंडमध्ये जन्मलेल्या क्लोझं आणि पोडोल्स्कीला कुणी जर्मन-पोलिश म्हणत नाही, मग मलाच का जर्मन-तुर्क म्हणता? नाव बदलून पाहायची ही त्याचीच कसोटी होती.

आर्सेनलमधला त्याचा शेवटही असाच संशयाच्या धुक्यात झाला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने उइगर मुसलमानांच्या छळाबद्दल लिहिलं. क्लबने हात झटकले, चीनच्या सरकारी वाहिनीने आर्सेनलची मॅच दाखवली नाही. मार्च २०२० नंतर तो आर्सेनलसाठी पुन्हा मैदानात उतरला नाही, ऑक्टोबरमध्ये लीगच्या संघयादीतूनही नाव गळलं. कारण फुटबॉलचंच आहे असं आर्टेटा सांगत राहिला. तसं असेलही. आमच्या टेबलावर निम्मे लोक ते मानतात, निम्मे मानत नाहीत. एकदा का टीकेत भलतं काही मिसळलं, की खऱ्या टीकेवरचाही विश्वास उडतो. नुकसान दोन्हीकडून होतं.

११ जुलै २०२१, वेम्बली, युरो स्पर्धेची फायनल. इटलीविरुद्ध इंग्लंड पेनल्टींवर हरलं. रॅशफर्ड, सँचो आणि आमचा बुकायो साका यांच्या पेनल्टी हुकल्या. खरं तर त्या रात्री चर्चेला केवढा विषय होता! रॅशफर्ड आणि सँचोला खेळ संपता संपता केवळ पेनल्टीसाठी आत का आणलं? गार पायांनी पेनल्टी मारायला का लावलं? पाचवी, सर्वांत जड पेनल्टी १९ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर का टाकली? हे सगळे प्रश्न कोच साउथगेटचे होते. पण काही तासांत या तिघांच्या रंगावर शिव्यांचा पाऊस पडला. तिघेही काळे.

तीन महिन्यांनी आपल्याकडंही तेच घडलं. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून म्हणजे भारताच्या एकाही बोलरला विकेट मिळाली नाही. तरी गद्दार ठरला तो एकटा मोहम्मद शमी. त्या रात्री आमच्या घरात कुणी शमीच्या बोलिंगबद्दल बोललंच नाही. त्याने ३.५ षटकांत ४३ धावा दिल्या होत्या, हे महागच. एरवी अब्बांनी त्याच्या लाइन-लेंग्थची सालटी काढली असती. पण त्या रात्री ते नुसते टीव्ही बंद करून झोपायला गेले. आमच्याकडून शमीला रागावण्याचा हक्कही हिरावला गेला होता. २०२३ च्या विश्वचषकात त्याने २४ विकेट काढल्या तेव्हा सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं. आनंद झालाच. पण मनात आलं, आपलं माणूस म्हणवून घ्यायला २४ विकेट का लागाव्यात?

अल्पसंख्याकांच्या सन्मानाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा कर्तबगारांची यादी पुढं करतो. अमुक शास्त्रज्ञ, तमुक खेळाडू. मला आता वाटतं, बरोबरीची खरी परीक्षा उलट्या बाजूनं होते. सामान्य असण्याची, चुकण्याची, वाईट खेळण्याची मुभा तुम्हाला आहे का? तुमची चूक तुमच्यापुरतीच राहते, की तुमच्या अख्ख्या मोहल्ल्याच्या खात्यात लिहिली जाते? एखादा खडूस समर्थक जेव्हा म्हणतो, "हा आज भिकार खेळला, पुढच्या मॅचला बसवा," तेव्हा तो त्या खेळाडूला आपल्यातलाच समजत असतो. पुढच्या मॅचला बसवा म्हणतोय, देशाबाहेर जा म्हणत नाही.

बँकवाला पुन्हा बोलता व्हायला बरेच दिवस लागले. मामेभावानेच एकदा त्याला विचारलं, "खरं सांगा, ओझिलला कुठं खेळवायला पाहिजे होतं?" तो अर्धा तास बोलला. बिस्किटं मांडून दाखवली.

२०२४ च्या रमजानमधला शेवटचा रोजा होता. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न म्युनिकशी मॅच, आपल्याकडं रात्री साडेबाराला. तरावीह उरकून सगळे माझ्या घरी जमले. साकाने पहिला गोल केला, शेवटी २-२ अशी बरोबरी झाली. अगदी अखेरच्या क्षणी साका गोलकीपर नॉयरला धडकून पडला. रेफ्रीने पेनल्टी दिली नाही.

"शंभर टक्के पेनल्टी होती," बँकवाला ओरडला.

"साकाने स्वतःच पाय घातला," मामेभाऊ शांतपणे म्हणाला. "उभा राहिला असता तर गोल होता. आणि सारखा डाव्या पायावर आत का वळतो? आता सगळ्यांना पाठ झालंय ते."

आमच्या भिंतीवर साकाचं पोस्टर आहे, ते त्यानेच लावलंय. वेम्बलीचं नाव त्या रात्री कुणीही काढलं नाही. अम्मीने सहरीची ताटं मांडली, रोजा नसलेल्या बँकवाल्यापुढंही एक ठेवलं. त्याने एका हातात पोळीचा तुकडा धरून दुसऱ्या हाताने वाटीला नॉयर आणि चमच्याला साका केलं, आणि सगळा प्रसंग पहिल्यापासून समजावून सांगायला घेतला. मामेभावाला तो पटत नव्हता. फजरची अजान झाली तेव्हा वाद साकाला सोडून बचावफळीवर आला होता.